साडेचारशे हॉर्सपॉवरची गाडी: विकत घ्यावी की लीजवर, आणि आली की चालवायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की दहा-बारा वर्षं ११० हॉर्सपॉवरची साधी हॅचबॅक चालवलीत, कुठे ठोकली नाहीत, आता ४५० हॉर्सपॉवरची रिअर व्हील ड्राइव्ह (म्हणजे ताकद मागच्या चाकांना जाणारी) दोन दारांची कूपे मनात भरलीये. नवी घेऊ, जुनी घेऊ का तीन वर्षांच्या लीजवर घेऊ? आणि घरचे म्हणतात जीव घालवशील, तर त्यांना काय सांगू? मी आधी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये असल्याच गाड्या उघडल्या, नंतर बंद ट्रॅकवर लोकांना त्या चालवायला शिकवायला लागलो, आणि मधल्या वेळेत ओळखीच्यांसाठी जुन्या गाड्या तपासून देतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक करून बघा, आत्ता वाचतावाचताच. तळहात टेबलावर दाबून ठेवा, चांगला जोर लावून, आणि तसाच पुढे सरकवायचा प्रयत्न करा. अडतो ना? आता दाब हळूहळू कमी करा, एका क्षणी तो सुर्रकन सरकेल. गाडीचा प्रत्येक टायर रस्त्याला साधारण एवढाच टेकलेला असतो, तळहाताएवढा, स्पोर्ट्स कारचा थोडा रुंद. दीड टनाची गाडी, साडेचारशे घोडे, ब्रेक, वळण, सगळं या चार तळहातांतून रस्त्यावर उतरतं, आणि कुठल्या तळहातावर किती दाब आहे हे तुमचे पाय ठरवतात. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचे तळहात हलके होतात. ॲक्सिलरेटर दिला की वजन मागे जातं. गाडी निवडण्यापासून ती परत करेपर्यंत मी जे काही सांगणार आहे ते फिरून फिरून इथेच येणार आहे, म्हणून टेबलावरचा तो हात लक्षात ठेवा.

तुम्ही माझे धाकटे भाऊ असतात तर मी म्हणालो असतो पहिलं वर्ष हलकी, दोनशेच्या आतबाहेर हॉर्सपॉवरची गाडी घ्या. माझदा एमएक्स-५ सारखी गाडी १९८९ पासून निघतेय, वजन जेमतेम एक टनाच्या आसपास, आणि ती तुम्हाला कमी स्पीडलाच सगळं शिकवते, मागची बाजू सुटायला लागली की आधी कुजबुजते, मग बोलते, मग ओरडते. ४५० वाली कुजबुजतच नाही. पण ज्याच्या मनात एकदा गाडी भरली त्याला दुसरी दाखवून उपयोग नसतो हे मला पक्कं माहीत आहे (मीही कुणाचं ऐकलं नव्हतं), तेव्हा तुमच्याच गाडीबद्दल बोलू.

लीज म्हणजे काय ते साध्या गणितात बघा. गाडीची किंमत १०० धरा. कंपनी आज ठरवते की तीन वर्षांनी ती ५५ ची राहील. म्हणजे तीन वर्षांत तुम्ही ४५ ची घसरण भरणार, अधिक व्याज. हे व्याज ४५ वर नसतं बरं का, अडकलेल्या सगळ्या पैशावर असतं, म्हणजे सरासरी काढली तर साडेसत्याहत्तरच्या आसपास रकमेवर. इथेच बरेच जण फसतात, हप्ता छोटा दिसतो म्हणून खूश होतात, आणि त्या हप्त्यात गाडीचा एक नट पण आपल्या मालकीचा होत नाही. मग लीज वाईट का? नाही. गाडी तीन वर्षांनी ५५ ऐवजी ४५ ला आली तर बहुतेक लीजमध्ये ते दुखणं कंपनीचं, तुम्ही चावी देऊन मोकळे. शिवाय वॉरंटी असते तोवरच गाडी तुमच्याकडे, आणि या वर्गातल्या गाड्यांचा एखादा मोठा खर्च वॉरंटीबाहेर आला की माणूस हबकतो. ज्याला ही हौस किती दिवस टिकेल हेच माहीत नाही त्याच्यासाठी लीज चांगली, असं माझं मत.

मात्र करारातली बारीक अक्षरं वाचा, आणि सही करायच्या आधी वाचा. वर्षाला किती किलोमीटर दिलेत आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला किती लागतात ते पहिलं. मधेच सोडायची झाली तर काय, हे दुसरं, कारण बहुतेक करारांत पहिल्या दीड वर्षात सोडणं फार महागात पडतं. तिसरं म्हणजे परत देताना टायर आणि रिम कशा हव्यात. फुटपाथला घासलेली रिम, ठरल्यापेक्षा कमी राहिलेली टायरची खाच, किंवा मूळच्या ऐवजी टाकलेले स्वस्तातले टायर, यावर शेवटी जे बिल येतं ते बघून लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात, आणि मी काय करणार, लिहिलेलं असतंच. अजून एक, गाडी ट्रॅकवर नेणं आणि तिच्यात काहीही बदल करणं बहुतेक लीजमध्ये चालत नाही. ट्रॅकवर जायचा बेत असेल तर हा मुद्दा एकटाच निर्णय फिरवू शकतो.

आणि गॅप इन्शुरन्स. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर विमा कंपनी त्या दिवसाची बाजारकिंमत देते, पण लीजवाल्याला द्यायची रक्कम त्याहून जास्त असू शकते, पहिल्या वर्षात तर बऱ्याचदा. मधला फरक कुणी भरायचा? तुम्ही. हा विमा लीजमध्येच धरलाय का ते विचारा, नसेल तर वेगळा घ्या.

विकत घ्यायची असेल तर नवी घेऊ नका असं मी सरळ सांगतो, मर्यादित संख्येत निघणारी एखादी असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक स्पोर्ट्स कार पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जोरात घसरतात, ती घसरण दुसऱ्याला सोसू दे. तीन-चार वर्षांची, सगळी सर्व्हिस हिस्टरी असलेली, शक्यतो कंपनीची वाढीव वॉरंटी मिळणारी गाडी शोधा. आणि खिशातले सगळे पैसे गाडीतच घालू नका. दमदार रिअर व्हील गाडीचे मागचे टायर दहा-पंधरा हजार किलोमीटरमध्ये संपतात, पाय जड असेल तर त्याच्याही आत, आणि ते तुमच्या हॅचबॅकच्या टायरच्या दरात मिळत नाहीत. ब्रेक डिस्कचंही तसंच. गाडीला कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर त्यांची बदलायची किंमत आधी विचारा, आणि विचारताना खुर्चीवर बसून विचारा. मी लोकांना सांगतो की गाडीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवता येत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या. हत्ती विकत घेता येतो हो, रोजचा ऊस परवडत नाही.

जुनी गाडी बघायला जाताना मी काय करतो ते सांगतो. विकणारा बोलत असतो, मी ऐकत असतो, पण हात टायरवर असतो. मागच्या टायरची बाहेरची बाजू सगळ्यांना दिसते, म्हणून मी वाकून आतल्या कडेवर बोटं फिरवतो. एकदा असंच एका सुंदर कूपेपाशी उभा होतो, मालक सांगत होता गाडी फक्त रविवारी निघते, ट्रॅक कसा असतो तिला माहीत नाही, आणि माझ्या बोटाला आतल्या कडेला काहीतरी टोचलं. तार होती, रबर संपून आतली स्टीलची तार बाहेर आलेली. मग टॉर्च लावून डिस्क बघितली, भोकांपासून निघालेल्या केसासारख्या बारीक चिरा आणि कडेला निळसर झाक, म्हणजे चांगलीच तापलेली. रविवारची गाडी अशी होत नाही. मी काही बोललो नाही, ज्याच्यासाठी गेलो होतो त्याला फक्त म्हटलं चल, जेवायची वेळ झाली.

टायरवर चार आकड्यांचा तारखेचा कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि जवळपास एकाच वयाचे असले तर मालकाने खर्च केलाय. पुढे एक ब्रँड आणि मागे डावी-उजवीकडे वेगवेगळे, तर ज्याने दिसणाऱ्या जागी काटकसर केलीये त्याने न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल? खाच भरपूर शिल्लक असली तरी जुना टायर नवा होत नाही, रबर वयाने कडक होतं. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर मित्राच्या शेजारी बसून ज्या पोर्शे करेरा जीटीमध्ये गेला, त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, तपासात तसं आलं. सहाशेच्या वर हॉर्सपॉवर, घसरणारी गाडी सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल नाहीच, रस्त्यावर ठरलेल्या मर्यादेच्या दुप्पट वेग आणि असे टायर. या चारातलं कुठलंही एक तुम्हाला परवडेल, दोन कदाचित परवडतील.

इंजिनाचं म्हणाल तर त्या त्या मॉडेलची जुनी दुखणी आधी वाचून जा. पोर्शेच्या १९९७ ते २००८ मधल्या ९११ आणि बॉक्सटरच्या बऱ्याच इंजिनांत मधल्या शाफ्टचं बेअरिंग हा बदनाम विषय आहे, २००७ ते २०१३ च्या व्ही-८ वाल्या बीएमडब्ल्यू एम३ मध्ये रॉड बेअरिंग. म्हणून त्या घ्यायच्या नाहीत असं नाही, काम करून घेतलंय का आणि बिल आहे का ते बघायचं. मॅन्युअल गिअरची असेल तर कंप्युटर लावून ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट काढा. पोर्शेमध्ये तो नीट निघतो, इंजिन मर्यादेच्या वर किती वेळा गेलं आणि शेवटचं कितव्या तासाला गेलं ते कळतं. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात टाकला की चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे इंजिनाला मर्यादेवर न जाऊ देणाऱ्या रेव्ह लिमिटरचं काही चालत नाही. आणि टेस्ट ड्राइव्हला इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर मी परत दुसऱ्या दिवशी जातो.

इन्शुरन्सचा आकडा गाडी ठरवायच्या आधी काढा, बयाणा दिल्यावर नाही. तुमचं वय, आधीचे क्लेम, गाडी रात्री कुठे उभी असते आणि गाडीचा वर्ग यावरून तो असा काही वरखाली होतो की शेजारशेजारच्या दोन मॉडेलमध्ये सुद्धा फरक पडतो. जवळपास सगळ्या साध्या पॉलिसींमध्ये ट्रॅक बाहेर ठेवलेला असतो. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकची ती वीस किलोमीटरची जुनी फेरी टुरिस्टांसाठी तिकीट काढून उघडी असते आणि तिथे तांत्रिकदृष्ट्या रस्त्याचेच नियम लागतात, तरी बऱ्याच विमा कंपन्या तिचं नाव घेऊन वगळतात.

बरं, गाडी आली. नवी असेल तर पहिले एक-दोन हजार किलोमीटर मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं चालवा. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २००० किलोमीटरपर्यंत ५५०० आरपीएमच्या वर नेऊ नका म्हणतात आणि तिथे ऑईल बदलायची पहिली सर्व्हिस असते. हे त्यांनी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. नव्या टायरवर पण पहिले दोनेकशे किलोमीटर सांभाळा, वरचा थर गुळगुळीत असतो. रोज सकाळी पाण्याचा काटा मधे आला म्हणजे इंजिन गरम झालं असं समजू नका, ऑईल तापायला त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, ऑईलचं टेंपरेचर दाखवत असेल तर ते ८० च्या वर जाईपर्यंत अर्ध्या रेव्हवर चालवा. या दहा-पंधरा मिनिटांत टायर पण थोडे गरम होतात, एका दगडात दोन पक्षी.

आता बसायचं कसं. हसू नका, माझ्याकडे येणाऱ्या दहातले आठ चुकीचे बसतात. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ सीटला टेकवून हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. हात नऊ आणि तीनवर. मागे रेलून एका हाताने चालवणं फोटोत छान दिसतं, पण गाडी सुटली की त्या हाताला अर्धा फेरा फिरवायला जागाच उरत नाही आणि पाय ब्रेकवर पूर्ण जोर लावू शकत नाही.

लोकांना वाटतं अशा गाड्या अडीचशेच्या स्पीडला ठोकतात. मी जेवढ्या ठोकलेल्या बघितल्या त्यातल्या बऱ्याच साठ-सत्तरच्या आत होत्या, आणि गोष्ट साधारण एकच असते. रस्ता ओला किंवा सकाळचा गारठा, टायर थंड, चौकातून वळून बाहेर पडताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, स्टिअरिंग अजून वळलेलं, आणि शेजारी मित्र बसलाय म्हणून पाय जरा जास्त पडतो. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) असेल तर अर्धा सेकंद काही होत नाही, म्हणून अजून थोडा पडतो, आणि मग सगळी ताकद एकदम येते. मागचे दोन तळहात सरकतात, गाडीची शेपटी बाहेर जाते. इथपर्यंत सुद्धा फार बिघडलेलं नसतं हो! बिघडतं ते पुढच्या क्षणी, माणूस घाबरून पाय झटक्यात उचलतो, मागच्या चाकांची पकड परत येते तेव्हा शेपटी सावरायला उलटं फिरवलेलं स्टिअरिंग अजून तसंच असतं, आणि गाडी लंबकासारखी दुसऱ्या बाजूला फेकली जाते, आता दुप्पट जोराने. कट्ट्यावर, झाडावर, नाहीतर तिथे उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांवर. हे सगळं दोन-अडीच सेकंदांत उरकतं.

माझंही झालंय, म्हणून सांगतोय. वर्कशॉपची गाडी होती, थंडीची सकाळ, एका मोठ्या गोल चौकात मधेच वाटलं स्पीड जास्त झालाय म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, एवढंच. वजन पुढे गेलं, मागचं हलकं झालं, आणि मी ज्या रस्त्याने आलो होतो त्याच्याकडे तोंड करून उभा. मागून कुणी येत नव्हतं हे नशीब. इंजिन बंद पडलं होतं आणि मला माझ्याच कानातले ठोके ऐकू येत होते. मागे इंजिन असलेल्या ९११ च्या जुन्या मॉडेलांची ख्याती यासाठीच होती, १९७५ च्या पहिल्या ९११ टर्बोला तर लोक विधवा करणारी गाडी म्हणायचे, उशिरा येणारा टर्बो आणि वळणात पाय उचलला की मागून येणारं वजन. आजची ९११ कितीतरी समजूतदार आहे, पण वजनाचा नियम तोच राहिलाय.

तर उपाय कंटाळवाणा आहे. स्टिअरिंग जेवढं सरळ होत जाईल तेवढाच पाय दाबत जायचं, आणि पाय उचलताना सुद्धा सोडून द्यायचा नाही, उचलत न्यायचा. ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, सरळ रेषेत. टायरकडे एकूण पकड शंभर आहे समजा, वळायला नव्वद वापरली तर ब्रेकला किंवा पिकअपला खूपच थोडी उरते. शेपटी सुटलीच तर नजर जिकडे जायचंय तिकडे ठेवा, झाडाकडे नाही, कारण हात नजरेच्या मागे जातात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता ट्रॅकवर मी गाडीकडे न बघता शिकणाऱ्याच्या मानेकडे बघतो. आणि गाडी पूर्ण फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा, ती कुठे जाऊन थांबणार याचा निदान अंदाज तरी येतो.

स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करायचं नाही. रस्त्यावर कधीच नाही. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने हे पहिल्यांदा आणलं, ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करतं, तुम्हाला चार पाय असते तरी जमलं नसतं. काही जण म्हणतात त्याने मजा जाते. ज्यांची मजा त्याने जाते त्यांची गाडी मी नंतर टो-ट्रकवर बघितलीये. पण ते काही जादू करत नाही, चार तळहातांत जेवढी पकड आहे तेवढीच तेही वापरतं, जास्त आणणार कुठून.

स्पीडचा हिशोब एकदा डोक्यात बसवा. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, आणि माणसाला ब्रेकवर पाय न्यायला एक सेकंद तरी लागतोच. मग चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर थांबायला ४० च्या आत-बाहेर मीटर. २०० ला तो एक सेकंद ५६ मीटरचा होतो आणि थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं, १६० मीटरच्या आसपास. तुमची हॅचबॅक ८० वरून १२० ला जायला आठ-नऊ सेकंद घेत असेल, नवी गाडी दोन-अडीच सेकंदात जाईल. ओव्हरटेक करताना हा फायदाच आहे, फक्त दहा वर्षं तुमच्या डोळ्यांना आणि पायांना जी सवय आहे ती जुन्या गाडीची आहे, समोरच्यालाही तुमचा अंदाज येत नाही. आतमध्ये शांत असल्याने स्पीड कळत नाही, इलेक्ट्रिकमध्ये तर अजिबातच नाही, आणि त्या बऱ्याचदा दोन टनांच्या आसपास असतात. गाडीत स्पीडची वॉर्निंग लावायची सोय असते, ती लावून टाका, कुणाला दिसत नाही.

पावसात रुंद टायर शत्रू होतात. रुंद टायरला पाणी बाजूला काढायला जास्त काम पडतं, खाच कमी झालेली असली की तो पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. त्या वेळी काही करायचं नाही, ब्रेक नाही, वळवणं नाही, पाय हळू उचलून गाडी परत जमिनीवर येऊ द्यायची. कायद्याने बऱ्याच ठिकाणी १.६ मिलीमीटर खाच चालते, मी या गाड्यांवर तीनच्या खाली जाऊ देत नाही. आणि ट्रॅकसाठीचे सेमी-स्लिक (अगदी कमी खाचांचे) टायर कोरड्यात चिकटतात म्हणून कुणी घालायला सांगेल तर साचलेल्या पाण्यात त्याला शेजारी बसवा. ७ डिग्रीच्या खाली उन्हाळी स्पोर्ट्स टायर प्लॅस्टिकसारखा वागायला लागतो, तिथे थंडीचे टायर हवेत.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ चं नवं फ्लुइड कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ लाच उकळू शकतं, आणि एखादा लांब उतार ब्रेक मारत मारत आलात की तेवढं तापमान येतं. मग पॅडल स्पंजासारखं खाली जातं. ज्याला एकदा तो अनुभव आलाय तो फ्लुइडवर पैसे वाचवत नाही.

शिकायचं कुठे, तर बंद जागेत, ओल्या स्किडपॅडवर (गाडी मुद्दाम घसरवून सराव करायची मोकळी जागा), शक्यतो दुसऱ्याच्या गाडीत. कंपन्यांचे स्वतःचे कोर्स असतात, ट्रॅकवरचे शिक्षकही असतात. एक पूर्ण दिवस द्या, मग दोन महिन्यांनी परत एक. पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी करून घ्या. एक, १०० वरून ब्रेकवर अक्षरशः उभं राहणं, चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची ती पायाखालची थरथर लागेपर्यंत. आयुष्यात कधीच पूर्ण ब्रेक न मारलेले लोक असतात, थरथर लागली की काहीतरी तुटलं समजून पाय काढतात. दोन, ओल्यावर हळू स्पीडला शेपटी सुटणं आणि ती धरणं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, नवऱ्याची गाडी होती, ते बाहेर उभे राहून सूचना देत होते. बाईंनी पहिल्या तासात अकरा वेळा गाडी फिरवली, बाराव्या वेळी धरली, आणि नंतर सोडलीच नाही. नवरा आत बसला तेव्हा एकविसाव्या वेळीही फिरतच होता, कारण त्यांना आधीपासून येत होतं.

घरच्यांना काय सांगायचं? सांगू नका, त्या दिवशी सोबत न्या, आणि स्किडपॅडवर शेजारच्या सीटवर बसवा. तिथे वीस-तीसच्या स्पीडला गाडी फिरते तेव्हा भीती वाटत नाही, हसू येतं, आणि नंतर रस्त्यावर तुम्ही जास्त पाय दाबलात तर ते बरोबर ओळखतात. घरात असा एक पहारेकरी असलेला बरा.

मित्राने चावी मागितली तर आधी पॉलिसीत बघा दुसऱ्या ड्रायव्हरला कव्हर आहे का, बऱ्याचदा नावं दिलेल्यांनाच असतं, आणि लीजमध्येही तसंच. मी तर सरळ इन्शुरन्सचं नाव पुढे करतो, मैत्री टिकते.

शेवटी विचारलं होतंत एक्झॉस्ट बदलू का. लीजवर असेल तर नाही. स्वतःची असेल तर पहिलं वर्ष थांबा आणि तेवढ्या पैशात मागचे दोन टायर घ्या, लागणारच आहेत.